तिसरं उदाहरण

पुणे,
सोमवार, ३ फेब्रुवारी २०२५

महे,

तुला ई-मेल लिहायला बसले की शाळेत बाईंना सुट्टीचा अर्ज लिहितेय असं वाटतं. फोनवर बोलायचं नाही, मेसेज करायचा नाही. का, तर तुझ्या मागे कुणीतरी उभं असतं. बरं बाई, अर्ज तर अर्ज.

आमच्या कंपनीत एक जागा निघते आहे. माझ्याकडे नाही. मी इथे वेबसाइटची बटणं रंगवते, त्याला कोण विचारतंय. ही जागा खालच्या मजल्यावरच्या कर्नलवाल्यांकडे आहे. ती माणसं इतकी गप्प असतात की गुड मॉर्निंगसुद्धा मान हलवून म्हणतात. तुला बघूनच घेतील. त्यांचे प्रमुख सिदू सर, आपल्याच बाजूचे, अक्कलकोटचे. डब्यात शेंगाचटणी असते, त्यावरून ओळख झाली. मी त्यांना म्हटलं, माझी एक मैत्रीण सोलापुरात एकटी बसून टॉवेलच्या मागांवर कर्नल मॉड्यूल चालवते. त्यांनी घास खाली ठेवला. "टॉवेलच्या मागांवर?" असं दोनदा विचारलं.

परीक्षा वगैरे नाही. त्यांनी पाच उदाहरणं दिली आहेत, सोबत जोडली आहेत. प्रत्येकाचं मॉड्यूल लिहायचं, बांधायचं, चालू यंत्रात चढवायचं आणि उतरवून दाखवायचं. महिनाअखेरपर्यंत वेळ आहे.

आता दोन प्रश्न. एक, कर्नल मॉड्यूल म्हणजे नक्की काय ते मला एकदा सांग. चार वर्षं एका बाकावर बसून मी तुझ्या वहीतून उतरवलं, समजलं कधीच नाही. दोन, तुला यायचं आहे का?

अम्मी विचारत होती, महेश्वरी आता घरी का येत नाही म्हणून. आमची विजापूर वेस तुमच्या शुक्रवार पेठेपासून परदेशात आहे का गं?

तुझी
रुक्साना


सोलापूर,
गुरुवार, ६ फेब्रुवारी २०२५

प्रिय रुक्साना,

पत्र मिळालं. उदाहरणं वाचली.

तुझा पहिला प्रश्न. कर्नल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टमचा गाभा. मेमरी, कीबोर्ड, स्क्रीन, बाहेरून येणाऱ्या तारा, या सगळ्यांशी तोच बोलतो. बाकीचे प्रोग्रॅम बाहेर राहतात आणि काही हवं असलं की गाभ्याला मागतात. मॉड्यूल हा असा तुकडा, जो यंत्र चालू असतानाच गाभ्यात बसवता येतो आणि काम झालं की काढून घेता येतो. त्यात दोन फंक्शनं लिहायची असतात. एक आत जाताना चालतं, एक बाहेर पडताना. बाहेरच्या प्रोग्रॅममध्ये चूक झाली तर तो प्रोग्रॅम बंद पडतो. मॉड्यूलमध्ये चूक झाली तर सगळं यंत्रच बंद पडू शकतं. तुमच्या खालच्या मजल्यावरची माणसं म्हणून कमी बोलत असतील.

कारखान्यात माझं काम तेच आहे. अक्कलकोट रोडला काकांचे टॉवेलचे माग आहेत. प्रत्येक मागाच्या अंगाला एक लहान बोर्ड लावला आहे. माग थांबला की बोर्डावरच्या एका पिनेवर इशारा येतो, माझं मॉड्यूल तो पकडतं आणि ऑफिसातल्या स्क्रीनवर त्या मागाचा आकडा लाल होतो, बझर वाजतो. बोर्डांचं कर्नल बदललं की मॉड्यूल त्या नव्या कर्नलसाठी पुन्हा बांधावं, म्हणजे कंपाइल करावं लागतं. जुन्यासाठी बांधलेलं नवं कर्नल घेत नाही. हे दुसऱ्या कुणाला येत नाही, म्हणून मी रोज जाते.

घरी ठीक आहे. काका चांगले आहेत. बाबा गेल्यावर त्यांनी अव्वाला आणि मला, आम्हा मायलेकींना, कधी परकं वाटू दिलं नाही. मला बघायला येऊ म्हणणाऱ्यांनाही ते आधीच सांगतात, "पोरगी सोलापुरातच देणार. कारखाना तिच्यावर हाय." हे ते अभिमानाने सांगतात.

उदाहरणं करून पाठवते. घरी यातलं काही सांगितलेलं नाही. तुझ्या अम्मींनाही सांगू नकोस.

महेश्वरी


सोलापूर,
शुक्रवार, २१ फेब्रुवारी २०२५

प्रिय रुक्साना,

पाचही उदाहरणं सोबत आहेत. सरांना दे.

पहिलं नेहमीचं. आत गेलं की कर्नलच्या नोंदीत, म्हणजे लॉगमध्ये, एक ओळ छापतं, बाहेर पडताना दुसरी. दुसरं चढवताना आपण दिलेला आकडा वाचतं. तिसरं बटण दाबल्याचे इशारे मोजतं. चौथ्यात दोन मॉड्यूल आहेत आणि दुसरं पहिल्यातलं एक फंक्शन वापरतं. त्यामुळे दुसरं उतरवल्याशिवाय पहिलं उतरवता येत नाही. कर्नल नकार देतं. हे बरोबर आहे, सरांना तेच पाहायचं असणार. पाचवं एक फाइल तयार करतं, तिच्यात लिहिलेलं परत वाचता येतं.

पहिली दोन आणि शेवटची दोन मी घरच्या लॅपटॉपवर चालवून पाहिली आहेत. तिसऱ्याला खरी पिन लागते, म्हणून ते कारखान्यातल्या एका सुट्या बोर्डावर चालवलं. काकांनी विचारलं, "ह्ये काय नवीन?" मी म्हटलं, सराव. ते खूश झाले. गुरूला म्हणाले, "बघ, ताई अजून अभ्यास करतीया, आन् तू?" गुरू म्हणजे त्यांचा मुलगा, तुला आठवत असेल. गॅदरिंगला माझ्याबरोबर यायचा आणि सगळ्यात जास्त भजी खायचा.

काकांनी कौतुक केलं तेव्हा मी स्क्रीनकडे बघत राहिले.

महेश्वरी


पुणे,
बुधवार, २६ फेब्रुवारी २०२५

महे,

सिदू सरांनी मला खाली बोलावलं. मला वाटलं, पेढे द्यायला. त्यांनी खुर्ची दिली. कर्नलवाल्याने खुर्ची दिली की समजायचं, बातमी वाईट आहे.

तुझी चार उदाहरणं त्यांना फार आवडली. पण तिसरं चढतं आणि उतरतच नाही. त्यांनी माझ्यासमोर करून दाखवलं. चढवायची आज्ञा दिली, चढलं. बटण दाबलं, मोजलं. उतरवायची आज्ञा दिली, तर यंत्र म्हणतं, व्यस्त आहे. त्या वेळी बटणाला कुणी हातसुद्धा लावलेला नव्हता. चढलेल्या मॉड्यूलच्या यादीत तुझ्या मॉड्यूलपुढे 'परमनंट' असा शब्द येतो. सर म्हणाले, "बाहेर पडायचं फंक्शन लिहिलेलंच नाही. पहिल्याच धड्यातली गोष्ट आहे. बाकीची चार इतकी स्वच्छ लिहिणारी मुलगी हे विसरेल असं वाटत नाही."

मलाही वाटत नाही.

कॉलेजात प्रयोगवहीत माझी एक ओळ तिरकी गेली तर तू पान फाडायला लावायचीस. तू विसरणारी नाहीस. म्हणून विचारते, राग मानू नकोस. तू मुद्दाम केलंस का? यायचं नसेल तर तसं लिही ना. मी काय खाणार आहे तुला? मागच्या वेळी सरळ विचारलं होतं, यायचं आहे का, तर तू मला कर्नलचा धडा शिकवलास. छान होता. पण उत्तर आलं नाही.

सर म्हणतात, पुन्हा पाठवायचं असेल तर पाठवू दे.

रुक्साना


सोलापूर,
शुक्रवार, २८ फेब्रुवारी २०२५

प्रिय रुक्साना,

मुद्दाम केलेलं नाही. तुझं पत्र वाचून फाइल उघडली. फंक्शन नव्हतं. मी ते गाळल्याचंही मला आठवत नाही. दिवसभर विचार करून जे लक्षात आलं ते लिहिते.

दोन वर्षांपूर्वी बोर्ड बसवले तेव्हा मॉड्यूल नीट होतं. आत जाणं, बाहेर पडणं, दोन्ही. गुरू ऑफिसात बसायचा. क्रिकेटचा सामना असला की बझर त्याच्या आड यायचा. मी एकदा त्याच्यासमोर मॉड्यूल उतरवलं होतं, ती आज्ञा त्याने पाठ केली. तेवढी एकच त्याला येते. सामना सुरू झाला की तो सगळ्या बोर्डांवरची मॉड्यूल उतरवून टाकायचा आणि संपला की मला म्हणायचा, "ताई, तुझं ते पुन्ना पडलं बघ." महिनाभर मी माझ्या कोडमध्ये चूक शोधत होते.

एक दिवस काका आत आले. तीन माग थांबलेले, स्क्रीन हिरवी, आणि गुरू टाळ्या वाजवत होता. काकांनी त्याला काय म्हटलं ते लिहीत नाही. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "महेश्वरी, असं कर, की आत गेलेलं कुणाच्या बापाला भायेर काडता येऊ न्हाय." गुरू म्हणाला, "माजा बाप तर तुमीच की." त्यावर त्याला चप्पल मिळाली.

मॉड्यूल कायमचं करायला सोपं आहे. बाहेर पडायचं फंक्शन लिहायचं नाही, बस. मग यंत्र बंद करेपर्यंत ते आतच राहतं. आमच्या कारखान्याला गुरुवारी सुट्टी असते, सगळी वीज बंद असते. मला काही बदल करायचा असला की मी गुरुवारची वाट पाहते. काकांना यादीतला 'परमनंट' शब्द दाखवला तेव्हा ते म्हणाले, "हे झ्याक झालं."

तेव्हापासून मागांसाठी जेवढी मॉड्यूल लिहिली ती सगळी अशीच. तिसरं उदाहरण मागाच्या कामासारखं आहे, पिनेवरचा इशारा मोजायचा. म्हणून हाताने तसंच लिहिलं. मी कारखान्याच्या बोर्डावर ते तपासलं तेव्हा चढतं का आणि मोजतं का, एवढंच पाहिलं. उतरतं का हे पाहायचं माझ्या मनातही आलं नाही.

दुरुस्त केलेलं सोबत आहे. चढवून, उतरवून पाहिलं आहे.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर: हो. यायचं आहे.

महेश्वरी


पुणे,
मंगळवार, ४ मार्च २०२५

महे! महे! महे!

सगळ्यात आधी, त्या शेवटच्या ओळीसाठी तुला माझ्याकडून एक शिरखुर्मा. ईदेला सोलापुरात आले की.

सरांना तुझं पत्र दाखवलं नाही, पण क्रिकेटची गोष्ट सांगितली. ते हसले. अख्खा खालचा मजला माना वर करून बघायला लागला, सर हसतात म्हणजे काय. मग म्हणाले, "मंगळवारी, ११ तारखेला, तीन वाजता येऊ दे. समोर बसून बोलू." एका जागेला तिघं आहेत. पण मला माहीत आहे, जागा तुझीच.

सकाळच्या बसने निघ. मी अर्धी सुट्टी काढते आणि स्वारगेटला थांबते. माझे रोजे चालू आहेत, त्यामुळे मी तुला जेवताना नुसती बघत बसेन, ते पुण्य तुला. घरी सांग, रुक्साना बोलावते. खोटं नाहीच ते.

रुक्साना


पुणे,
मंगळवार, ११ मार्च २०२५

महेश्वरी,

सोलापूरच्या किती गाड्या आल्या ते मोजायचं मी सोडून दिलं. प्रत्येक गाडीच्या दारात जाऊन बघत होते. एका कंडक्टरने विचारलं, "कोण हरवलंय ताई?" फोन लावला तर तू उचलला नाहीस. शेवटी तुझा एक मेसेज. 'येऊ शकत नाही.' तीन शब्द. मॉड्यूलसुद्धा नोंदीत याच्यापेक्षा मोठी ओळ छापतं.

रोजा होता माझा. ते जाऊ दे, रोजा मी अल्लाहसाठी धरते, तुझ्यासाठी नाही. पण खाली जाऊन सरांना मी काय सांगितलं असेल? मी सांगितलं, घरी कुणीतरी अचानक आजारी पडलं. मी खोटं बोलले, तेही रोज्यात.

आता तू तरी खरं सांग.

रुक्साना


सोलापूर,
गुरुवार, १३ मार्च २०२५

प्रिय रुक्साना,

कुणी आजारी पडलं नाही. जे झालं ते क्रमाने लिहिते.

काकांना मी सांगितलं होतं की दोन दिवस तुझ्याकडे जाते. ते म्हणाले, "जा की. लई दिस झालं कुटं गेली न्हाईस." अव्वाने पोळी-शेंगाचटणी बांधून दिली. मी सकाळच्या बसमध्ये बसले. मोहोळला बस थांबली तेव्हा काकांचा फोन आला.

"बाळ, समदं बंद पडलंय. कुटं हाईस?"

"मोहोळला."

"मग जवळच की. उतर तितं. गुरूला गाडी घिऊन लावून दिलंय."

मी उतरले. बस पुढे गेली.

एवढंच आहे, रुक्साना. कुणी हात धरला नाही. काका ओरडले नाहीत. मी त्यांना काय बंद पडलं हेही विचारलं नाही. एरवी कुणी येऊन "चालत नाही" असं म्हटलं तर मी आधी तेच विचारते. काय चालत नाही? कुठे? काय दिसतं स्क्रीनवर? त्या दिवशी एकही प्रश्न विचारला नाही. "सगळं बंद पडलं" म्हटल्यावर माझे पाय बसच्या पायरीवर होते.

गुरू आला. मोहोळपासून कारखान्यापर्यंत तो घाबरलेला होता. त्याने सांगितलं, पहाटे वीज गेली आणि परत आली. बोर्ड पुन्हा सुरू झाले. मागे कधीतरी स्क्रीनवर अपडेट करू का असा प्रश्न आला होता, त्याला तो हो म्हणाला होता. "हो म्हणलं की ते जातंय ना ताई, म्हणून म्हणलं." त्यामुळे बोर्ड नव्या कर्नलवर उठले आणि माझं जुन्यासाठी बांधलेलं मॉड्यूल त्यांनी घेतलं नाही. तो मुद्दाम काही करणारा नाही. तेवढं त्याला येतही नाही.

एमआयडीसीत वळलो आणि कारखान्याच्या फाटकाशीच मला आवाज आला. मागांचा. सगळे माग चालू होते. आत गेले तर टॉवेल नेहमीसारखे खाली उतरत होते. बायका शिवणीच्या यंत्रांवर बसल्या होत्या. एकीने विचारलं, "पुण्याला जानार हुतीस की गं?"

मी ऑफिसात गेले.

"काका, माग चालू आहेत."

"व्हय. ते चालूच हायत."

"मग बंद काय पडलं?"

"हे की!" त्यांनी स्क्रीनकडे बोट केलं. ती काळी होती. "कुटला माग थांबला, मला कसं कळावं?"

"बोर्ड बसवायच्या आधी कसं कळायचं?"

त्यांनी कान खाजवला. मग हसले. "आदी? आदी कानानं. पन आता सवय न्हाय ऱ्हायली, बाळ."

मी बसले आणि मॉड्यूल नव्या कर्नलसाठी बांधलं. काकांचा चहा गार व्हायच्या आत झालं. स्क्रीन हिरवी झाली. काका म्हणाले, "बघ, तुज्यावाचून पान हालत न्हाय हितलं." ते मनापासून म्हणाले. बाहेर माग सगळ्या वेळात एकदाही थांबले नव्हते.

तेव्हाच तुझा फोन येत होता. मी तो उचलू शकले नाही कारण मला काय सांगावं ते कळत नव्हतं.

सरांना खरं सांग, किंवा जे सांगितलं आहेस तेच राहू दे. तुझ्यावर सोपवते. रोज्याबद्दल मला वाईट वाटलं.

महेश्वरी


पुणे,
बुधवार, १९ मार्च २०२५

महे,

जागा भरली. सोमवारीच. नाशिकचा एक मुलगा आहे, तोही मान हलवूनच बोलतो. सरांना मी खरं सांगितलं. ते बराच वेळ गप्प होते, म्हणजे नेहमीइतकेच. मग म्हणाले, पुढची जागा कधी निघेल सांगता येत नाही, पण निघाली तर तिची उदाहरणं मी पुन्हा मागणार नाही, पाहिली आहेत.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. पहिल्यांदा रागाने. तुझ्या काकांवर, मग तुझ्यावर. एक बाई सरळ चालत्या बसमधून... बरं, थांबलेल्या बसमधून उतरते, आणि का, तर स्क्रीन काळी झाली! दुसऱ्यांदा मला रडू आलं. तिसऱ्यांदा वाटलं, मी कोण तुला बोलणारी.

कारण मीही एक गोष्ट लपवली आहे. पायल, माझ्या खोलीतली मुलगी, डिसेंबरात लग्न करून गेली. तिची कॉट रिकामी आहे. संध्याकाळी मी इफ्तारला खजूर फोडते ती एकटीने. तुला सांगितलं नाही, कारण तुला वाटलं असतं, ही स्वतःसाठी बोलावते. आणि ते खरंच आहे की. जागा निघाली नसती तर मी दुसरं काहीतरी शोधलं असतं. तू यावंस म्हणून मी दोन वर्षं निमित्त शोधत होते. तू उत्तरं इतकी मोजून द्यायचीस की मला वाटायचं, तुला सोलापुरात बरं आहे.

आता काही विचारत नाही. आईला एकटं सोडून यायचं नाही हे मला कळतं. तेच कारण आहे ना? मीच किती मूर्ख, ते आधी लक्षात यायला हवं होतं.

२९ ला मी सोलापुरात येते. ईद झाली की बुधवारी, २ तारखेला परत. भेटू.

रुक्साना


सोलापूर,
शुक्रवार, २८ मार्च २०२५

प्रिय रुक्साना,

तेच कारण होतं. निदान मी तसं समजत होते.

मोहोळहून परत आल्यापासून रोज दुपारी मी गुरूला शिकवायला बसवलं. त्याने आधी खूप कुरकुर केली. "ताई, मला ह्यातलं ओ की ठो कळत न्हाय." मी त्याला सरांचं पहिलंच उदाहरण दिलं. आत गेलं की एक ओळ, बाहेर पडताना एक ओळ. दोन दिवस ते बांधलंच गेलं नाही, कारण तो प्रत्येक वेळी एक अर्धविराम खात होता. तिसऱ्या दिवशी नोंदीत ओळ आली. त्याने काय छापलं होतं सांगू? 'गुरु आला.' आणि उतरवल्यावर, 'गुरु जेवायला गेला.' तो उठून नाचला. मग तेच त्याने इतक्या वेळा चढवलं आणि उतरवलं की नोंदी त्याच्या जेवणांनीच भरल्या. आता त्याला नव्या कर्नलसाठी मॉड्यूल बांधता येतं. चुकतं, पण चूक वाचता येते. अपडेटचा प्रश्न आला की तो आता हात मागे घेतो आणि आधी विचार करतो.

काल गुरुवार होता. सकाळी वीज बंद करायच्या आधी मी मागांच्या मॉड्यूलमध्ये बाहेर पडायचं फंक्शन परत लिहिलं. गुरूने ते सगळ्या बोर्डांवर नेलं. काका आले. मी त्यांना सांगितलं, काय केलं ते.

"म्हंजे आता कुनीबी काडू शकतंय?"

"ज्याच्याकडे पासवर्ड आहे तो. म्हणजे तुम्ही आणि गुरू."

"आन् तू?"

"मी पुण्याला जाते आहे, काका. राहायला."

"नोकरी लागली?"

"नाही."

"मग कशाला?"

मी म्हटलं, "इथे राहून मला ती मिळत नाही, म्हणून."

ते म्हणाले, "घरचं खाऊन-पिऊन सुकी हाईस. कमी काय हाय हितं?" आणि हा प्रश्न त्यांनी खरोखर विचारला होता. कमी तसं काहीच नाही. गुरू म्हणाला, "बाबा, मला येतंय की आता." त्याच्याकडे त्यांनी पाहिलंही नाही. संध्याकाळी ते ताटावरून न जेवता उठले. बंदी केली नाही, दार लावलं नाही. नुसतं ताट सरकवलं. काकू माझ्याकडे बघत राहिल्या. त्या ताटासमोर मी जवळजवळ म्हणाले होते, राहू दे, नाही जात.

तेवढ्यात अव्वाने ते ताट उचललं आणि आत नेऊन झाकून ठेवलं. मी तिच्यामागे गेले. तिला म्हटलं, तू एकटी इथे कशी राहशील, याचाच मी विचार करते.

ती भाकरीचं पीठ मळत होती. हात थांबला नाही. म्हणाली, "मी कुटं हितं ऱ्हाते म्हनले? मल्लप्पा दोन वर्सं झालं बोलवतोय मला अक्कलकोटला. त्याची शेती हाय, घर मोकळं पडलंय. मी न्हाय गेले."

"का?"

"तू हितं हाईस म्हणून."

मल्लप्पा म्हणजे माझा मामा. त्याने अव्वाला बोलावलं होतं हे मला माहीत नव्हतं. दोन वर्षं, रुक्साना. मी तिच्यासाठी थांबले होते आणि ती माझ्यासाठी, दोघी एकाच स्वयंपाकघरात, आणि कुणी एक शब्द काढला नाही. मी तिच्यावरच गेले आहे, हे आता कळतं.

तिने पहिली भाकरी थापून तव्यावर टाकली. मग तिने विचारलं, तुझी मैत्रीण कधी येते. मी सांगितलं. ती म्हणाली, "होगि बा." आमच्याकडे कुणी निघालं की कानडीत असंच म्हणतात, जाऊन ये. पण मी अजून निघालेलीही नव्हते.

काका आज सकाळपासून माझ्याशी बोललेले नाहीत. मी जाईपर्यंत बहुतेक बोलणार नाहीत. कारखान्यात मी आज गेले नाही. दुपारी एकदा गुरूचा फोन आला. मी उचलला आणि आधी विचारलं, काय चालत नाही? तो म्हणाला, "समदं चालतंय. नुसतं सांगायला केला."

तू मला काही विचारणार नाहीस असं लिहिलं आहेस. म्हणून मी विचारते. मला हे नीट जमत नाही, तेव्हा सरळच लिहिते. पायलची कॉट मला देशील का? काम मिळेपर्यंत किती दिवस लागतील ते मला माहीत नाही. कदाचित खूप लागतील. भीती वाटते आहे.

ईदेच्या दिवशी मी विजापूर वेशीत येते. तुझ्या अम्मींना सांग. दोन तारखेच्या बसची तिकिटं अजून काढली नसशील तर दोन काढ.

तुझी
महेश्वरी